व्याख्येचा उपासक : कार्ल व्हायरश्ट्रास

सरकारी कामकाजात हयात गेलेल्या माणसाला व्याख्येचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही. कोणताही कायदा अथवा नियमावली उघडा; आरंभीच शब्दांच्या व्याख्या दिलेल्या असतात. नवा कारकून ते पान उलटून पुढे जातो. जुना कारकून प्रथम तेच पान वाचतो. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका चतुर्थश्रेणी कर्मचाऱ्याच्या निवृत्तिवेतनाचे प्रकरण माझ्या टेबलावर आले होते. त्याची सेवा सलग होती किंवा नाही, एवढाच प्रश्न होता. सलग म्हणजे काय हे आम्हां सर्वांना ठाऊक आहे, असे आम्ही समजत होतो. परंतु मधल्या सात महिन्यांचे काय करावयाचे, असे विचारताच प्रत्येकाचे उत्तर वेगळे येई. फाईल दोन वर्षे या खोलीतून त्या खोलीत फिरली. अखेर एका जुन्या परिपत्रकात त्या शब्दाची नेमकी व्याख्या सापडली आणि दोन वर्षांचा प्रश्न एका दुपारी सुटला. मात्र तोवर त्या गृहस्थाने मुलीचे लग्न दोनदा पुढे ढकलले होते. व्याख्या ही केवळ पंडितांची हौस नव्हे. तिच्या अभावी कुणाचे तरी काहीतरी अडून राहते, हा धडा मी त्या दिवशी घेतला.

पुढे बऱ्याच वर्षांनी, माझी कन्या अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला असताना, तिच्या गणिताच्या पुस्तकात याच कल्पनेशी माझी पुन्हा गाठ पडली. तेथे तिला सांतत्य असे नाव होते. व्याख्या अवघ्या दोन ओळींची. पण त्या दोन ओळी आम्हां बापलेकींना आठवडाभर पुरल्या. मी बी. ए.ला संस्कृत घेतलेले. गणिताशी माझा संबंध शालान्त परीक्षेबरोबरच संपलेला. तरीही ही व्याख्या कुणी केली आणि ती करण्याची गरज का पडली, याचे कुतूहल काही केल्या शमेना. त्या शोधात ज्या पुरुषाचा परिचय झाला, त्याचे चरित्र मंडळाच्या या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवीत आहे. तो पुरुष म्हणजे जर्मन गणितज्ञ कार्ल व्हायरश्ट्रास.

कार्लचा जन्म ३१ ऑक्टोबर १८१५ रोजी प्रशियाच्या राज्यातील वेस्टफालिया प्रांतात, ओस्टेनफेल्डे या लहानशा गावी झाला. वडील व्हिल्हेल्म हे त्या वेळी तेथील मेयरचे चिटणीस होते. पुढे ते सरकारच्या करखात्यात गेले. बदलीची नोकरी म्हणजे काय, हे आपल्या मंडळातील कुटुंबांना सांगावयास नको. व्हायरश्ट्रास कुटुंबाचे बिऱ्हाडही असेच गावोगाव हलत राहिले आणि मुलांच्या शाळा बदलत राहिल्या. १८२७ साली आई वारली. कार्ल तेव्हा पुरा बारा वर्षांचाही नव्हता. कार्ल, पीटर, क्लारा आणि एलिझे या चार भावंडांपैकी पुढे कुणीच विवाह केला नाही.

१८२९ साली कुटुंब पाडरबोर्न येथे आले आणि कार्लचे माध्यमिक शिक्षण तेथे सुरू झाले. घरच्या परिस्थितीमुळे शाळा सांभाळून तो एका व्यापाऱ्याकडे जमाखर्च लिहीत असे. शाळेत असतानाच बर्लिनहून निघणारे क्रेले यांचे गणिताचे नियतकालिक त्याच्या हाती पडले आणि ज्या वयात मुले गोष्टींची पुस्तके वाचतात, त्या वयात तो चालू संशोधनाचे लेख वाचू लागला.

परंतु मुलाने सरकारी अधिकारी व्हावे, ही वडिलांची इच्छा होती. आणि त्या काळी वडिलांची इच्छा हीच आज्ञा असे. त्यानुसार १८३४ मध्ये कार्लला बॉन विद्यापीठात कायदा, अर्थव्यवहार आणि राज्यकारभार या विषयांच्या अध्ययनासाठी पाठविण्यात आले. ज्या विषयांत मन नाही त्यांचा अभ्यास करवत नाही, आणि ज्या विषयात मन आहे तो उघडपणे शिकण्याची सोय नाही, अशा कोंडीत सापडलेल्या त्या तरुणाने चार वर्षे तलवारबाजीत आणि मित्रमंडळीच्या मद्यपानाच्या बैठकींत घालविली. वरवर पाहणाऱ्याला हे आयुष्याचे मातेरे वाटले असते. पण याच काळात त्याने लाप्लास यांचा खगोलीय यामिकीवरील ग्रंथ आणि याकोबी यांचा विवृत्तीय फलनांवरील ग्रंथ स्वतःच्या बळावर वाचून काढले. अकाली निधन पावलेले नॉर्वेजियन गणितज्ञ आबेल यांचे एक पत्र क्रेले यांच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले होते. त्यातील एका विधानाची उपपत्ती त्याला स्वतःला साधली, तेव्हा आपण गणितच करावयाचे हा त्याचा निश्चय झाला. १८३८ साली तो पदवी न घेता घरी परतला. करखात्यातील त्या वडिलांना काय वाटले असेल, याची कल्पना कोणताही पिता करू शकेल.

एका कौटुंबिक स्नेह्याच्या सल्ल्यावरून कार्लला निदान शाळामास्तर तरी होता यावे, म्हणून १८३९ मध्ये म्युन्स्टर येथील अकादमीत धाडण्यात आले. येथे त्याला गुडरमान हे गुरू लाभले. शिक्षकी परीक्षेसाठी व्हायरश्ट्रास यांनी आपण होऊन कठीण प्रश्न मागून घेतला आणि विवृत्तीय फलनांवर असा निबंध लिहिला की, गुडरमान यांनी आपल्या अहवालात या उमेदवाराची गणना थोर संशोधकांच्या पंक्तीत केली. परंतु हे मत त्या शब्दांत उमेदवारापर्यंत पोहोचलेच नाही. प्रमाणपत्रात त्याची सौम्य छाया तेवढी उतरली. गुरूंचा खरा अभिप्राय व्हायरश्ट्रास यांना कळला तो बऱ्याच वर्षांनी. तो वेळीच कळता तर आपण निबंध लगेच प्रसिद्ध केला असता, असे त्यांनी पुढे सांगितले. नोकरीत गोपनीय अहवाल लिहिणाऱ्यांनी आणि ज्यांच्यावर ते लिहिले जातात त्यांनीही ही हकीकत ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

१८४२ साली डॉइच-क्रोने या आडगावी शाळेत त्यांची नेमणूक झाली. १८४८ मध्ये ते ब्राउन्सबर्ग येथील शाळेत गेले. ही दोन्ही गावे आज पोलंडमध्ये आहेत. गणित आणि भौतिकी यांच्याबरोबरच जर्मन भाषा, भूगोल, वनस्पतिशास्त्र, सुलेखन, इतकेच काय पण व्यायामाचे धडेही त्यांना द्यावे लागत. आसपास गणितावर बोलावे असा एकही माणूस नाही, चांगले ग्रंथालय नाही. दिवसा मुलांच्या वह्या आणि रात्री संशोधन. म्युन्स्टरचे उमेदवारीचे वर्ष धरता अशी सुमारे चौदा वर्षे गेली. १८५० पासून त्यांना भोवळीचे असह्य झटके येऊ लागले आणि ते पुढे दहा-बारा वर्षे छळत राहिले.

या काळातील त्यांचे दोन लेख त्या त्या शाळांच्या वार्षिक अहवालांत छापले गेले आणि अर्थातच कुणाच्याही दृष्टीस पडले नाहीत. स्मरणिकांत लिहिणाऱ्या आम्हां मंडळींना या गोष्टीचा दिलासा वाटावा! मात्र १८५४ मध्ये त्यांचा आबेलीय फलनांवरील लेख क्रेले यांच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि युरोपातील गणितज्ञ चकित झाले. कोनिग्सबर्ग विद्यापीठाने त्याच वर्षी त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. ती प्रदान करण्यासाठी प्राध्यापक रिशेलो स्वतः ब्राउन्सबर्गला आले. पुढे सरकारने अध्ययनासाठी वर्षभराची रजा दिली, आणि १८५६ साली बर्लिनच्या औद्योगिक संस्थेत व पाठोपाठ बर्लिन विद्यापीठात त्यांची नेमणूक झाली. वयाच्या चाळिशीपर्यंत खेड्यातील मास्तर असलेला हा गृहस्थ अशा रीतीने जर्मनीतील विद्येच्या राजधानीत आला.

बर्लिनला येऊन त्यांनी जे महत्कार्य केले ते समजण्यासाठी गणिताची तत्कालीन अवस्था थोडी पाहिली पाहिजे. सतराव्या शतकात न्यूटन आणि लायब्निट्स यांनी कलनशास्त्राची निर्मिती केली. ग्रहांच्या गतीपासून तोफगोळ्याच्या मार्गापर्यंत सारे काही त्या शास्त्राने गणिताच्या कक्षेत आणले. पण त्याच्या पायाशीच एक अडचण होती. वरून पडणाऱ्या दगडाचे उदाहरण घेऊ. सोयीसाठी असे समजू की, तो जितके सेकंद पडला त्या संख्येच्या वर्गाची पाचपट मीटर अंतर तो कापतो. पहिला सेकंद संपतानाच्या नेमक्या क्षणी त्याचा वेग किती? वेग म्हणजे अंतर भागिले वेळ. पण एका क्षणात अंतरही शून्य आणि वेळही शून्य. म्हणून आपण त्या क्षणापुढील थोडा काळ घेतो. एक दशांश सेकंद घेतला तर सरासरी वेग सेकंदाला १०.५ मीटर येतो. एक शतांश घेतला तर १०.०५, एक सहस्रांश घेतला तर १०.००५. उत्तर १० आहे हे दिसते. परंतु ते काढताना जुने गणिती प्रथम त्या अल्पकाळाने भागत, म्हणजे तो शून्य नाही असे मानीत. आणि अखेरीस तोच काळ शून्य समजून टाकून देत. एकाच धारिकेवर एकच रक्कम आधी खर्ची घालावी आणि शेवटी ती नव्हतीच असे लिहावे, तशातला हा प्रकार. १७३४ साली बिशप बर्कली यांनी याच विसंगतीवर नेमके बोट ठेवून गणितज्ञांची भरपूर टर उडविली. उत्तरे बरोबर येत होती म्हणून शास्त्र चालत राहिले. ती बरोबर का येतात हे मात्र कुणाला सांगता येत नव्हते.

१८१७ मध्ये प्राग येथील धर्मोपदेशक बोल्झानो यांनी आणि १८२१ मध्ये पॅरिसचे कोशी यांनी या पायाची बांधणी आरंभिली. सीमा ही कल्पना त्यांनी मध्यवर्ती मानली. पण बोल्झानो यांचे लेखन फारसे कुणी वाचले नाही. आणि कोशी यांच्या व्याख्यांत एखादी राशी दुसरीच्या जवळ जाते, हवी तितकी लहान होते, अशी गतीची भाषा उरली होती. जाणे म्हणजे काय आणि हवी तितकी म्हणजे कुणाला हवी तितकी, हे प्रश्न अनुत्तरितच राहिले. त्यातून चुका झाल्या. सांतत्य असलेल्या फलनांच्या अभिसारी श्रेणीची बेरीजही सांतत्य असलेलीच असते, असे कोशी यांनी सिद्ध केल्याचे मानले. १८२६ मध्ये आबेल यांनी त्याला अपवाद दाखविला. चूक कोठे होती? ती दोन शब्दांच्या क्रमात होती. प्रत्येक कर्मचाऱ्याला कोणीतरी वरिष्ठ असतो, हे एक विधान. कोणीतरी एकच सर्व कर्मचाऱ्यांचा वरिष्ठ असतो, हे दुसरे. पहिले खरे म्हणून दुसरे खरे ठरत नाही. श्रेणीच्या बाबतीत प्रत्येक स्थानाला वेगळी मर्यादा पुरते की सर्व स्थानांना मिळून एकच मर्यादा लागते, हा तो भेद होय. गुडरमान यांना त्याची चाहूल लागली होती. त्यांच्या शिष्याने त्याला नेमके रूप देऊन एकविध अभिसरण ही कल्पना कलनशास्त्रात रुजविली.

१८६१ च्या उन्हाळ्यात व्हायरश्ट्रास यांनी बर्लिनच्या औद्योगिक संस्थेत अवकलनावर व्याख्याने दिली. हेरमान श्वार्ट्स या विद्यार्थ्याने त्यांची टिपणे घेतली. ती टिपणे आज उपलब्ध आहेत, आणि माझ्या कन्येच्या पुस्तकातील त्या दोन ओळींचे मूळ तेथे दिसते. त्या ओळींचा आशय असा सांगता येईल. समजा, एका कारागिराला १०० चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाची चौरस पत्री कापावयाची आहे. बाजू १० सेंटिमीटर हवी. पण हात थोडा इकडेतिकडे होणारच. ग्राहक म्हणतो, क्षेत्रफळात १ चौरस सेंटिमीटरपर्यंतची चूक मला चालेल. कारागीर हिशेब करून म्हणतो, मग मी बाजूत ०.०४ सेंटिमीटरहून अधिक चूक होऊ देणार नाही. ग्राहक अधिक कडक होऊन ०.१ चौरस सेंटिमीटर म्हणाला, तर कारागीर ०.००४ म्हणतो. ग्राहकाची मागणी याहून कितीही कडक असो, तिच्या पंचविसाव्या भागाइतकी दक्षता घेतली की काम भागते. प्रत्येक मागणीला अशी हमी देता येते, म्हणून बाजू आणि क्षेत्रफळ यांच्या या संबंधाला १० या ठिकाणी सांतत्य आहे, असे म्हणावयाचे.

याच्या उलट उदाहरण टपालाचे. समजा, २० ग्रॅमपर्यंतच्या पत्राला एक दर आहे आणि त्यापुढे दर एकदम पाच रुपयांनी वाढतो. आता कुणी अशी मागणी केली की, वजन २० ग्रॅमच्या आसपास ठेवून दरातील फरक दोन रुपयांच्या आत राखा, तर ही हमी कोणत्याही पोस्टमास्तरला देता यावयाची नाही. वजन २० ग्रॅमच्या वर केसाइतके गेले तरी पाच रुपयांची उडी पडणारच. एकच मागणी पुरी न होणारी निघाली, म्हणून तेथे सांतत्य नाही.

या व्याख्येत काहीही कुठे जात नाही, काहीही नाहीसे होत नाही. शून्य आहे आणि नाही अशी कोणतीही राशी तीत नाही. आहेत त्या फक्त साध्या संख्या आणि त्यांचा लहानमोठेपणा. दगडाच्या वेगाचेही असेच : सरासरी वेग १० पासून किती फरकाच्या आत हवा ते तुम्ही सांगा, काळ किती लहान घ्यावयाचा ते मी सांगतो. मला यातील सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती ही की, येथे कुणाच्या अधिकाराला स्थान नाही. विचारणारा शाळकरी मुलगा असो आणि उत्तर देणारा बर्लिनचा प्राध्यापक असो. मागणी झाली की हमी दिलीच पाहिजे आणि ती कुणालाही ताडून पाहता आली पाहिजे. नेमकी व्याख्या करणारा मनुष्य स्वतःला शब्दांनी बांधून घेतो. फाईलवरील त्या वृद्ध गृहस्थालाही आमच्याकडून हेच हवे होते. सहानुभूती त्याला पुष्कळ मिळाली होती.

आपल्याकडील नैयायिकांनी लक्षणाचे तीन दोष सांगितले आहेत. गाईचे लक्षण म्हणून शिंगे असणे एवढेच सांगितले तर म्हैसही त्यात येते, ही अतिव्याप्ती. तांबूस रंग असणे असे सांगितले तर पांढरी गाय सुटते, ही अव्याप्ती. एक खूर असणे असे सांगितले तर एकही गाय त्यात येत नाही, हा असंभव. गळ्याची पोळी हे लक्षण तिन्ही दोषांतून पार पडते. सांतत्याच्या व्याख्येला ही कसोटी लावून पाहिली म्हणजे व्हायरश्ट्रास यांच्या कामाचे मोल कळते. दोन किमतींच्या मधल्या सर्व किमती जे फलन घेते ते सांतत्य असलेले, अशी एक समजूत होती. सांतत्य नसलेली फलनेही तसे करू शकतात, हे फ्रेंच गणितज्ञ दार्बू यांनी १८७५ मध्ये दाखविले. ही अतिव्याप्ती झाली. कागदावरून लेखणी न उचलता काढता येते ते सांतत्य असलेले, ही दुसरी समजूत आजही शाळेत सांगतात. तिच्यातील अव्याप्ती खुद्द व्हायरश्ट्रास यांनीच उघड केली.

१८ जुलै १८७२ रोजी बर्लिनच्या अकादमीपुढे त्यांनी असे एक फलन मांडले की, त्याला प्रत्येक ठिकाणी सांतत्य आहे, पण एकाही ठिकाणी त्याला स्पर्शरेषा काढता येत नाही. अखंड असूनही ज्याला क्षणभरही निश्चित दिशा नाही, अशी ती वक्ररेषा. कितीही सूक्ष्मदर्शकाखाली धरली तरी तिची दंतुरता संपत नाही. अशी रेषा कोणतीही लेखणी काढू शकणार नाही, आणि तरीही व्याख्येप्रमाणे ती निर्दोष आहे. सांतत्य म्हटले की काही तुरळक जागा सोडल्यास दिशा असणारच, अशी तोवर बहुतेकांची श्रद्धा होती. ती एका दिवसात ढासळली. कित्येक थोर गणितज्ञांना हा प्रकार किळसवाणा वाटला. परंतु निसर्गाने व्हायरश्ट्रास यांचाच पक्ष घेतला. द्रवात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांची जी वेडीवाकडी हालचाल ब्राउनीय गती म्हणून प्रसिद्ध आहे, तिचे मार्ग पाहून फ्रेंच भौतिकीविज्ञ झाँ पेरँ यांना या दिशाहीन रेषांची आठवण झाली. आणि १९२३ मध्ये नॉर्बर्ट वीनर यांनी त्या गतीचे जे गणित मांडले, त्यातील मार्ग याच जातीचे असल्याचे पुढे सिद्ध झाले.

भौतिकीशी संबंध असलेले आणखी एक उदाहरण द्यावयास हवे. वस्तूचे विद्युत्-संतुलन ज्या स्थितीत होते तीत ऊर्जा किमान असते. तेव्हा अशी किमान स्थिती असणारच, या विश्वासावर थोर गणितज्ञ रीमान यांनी आपली काही महत्त्वाची प्रमेये उभारली होती. १८७० मध्ये व्हायरश्ट्रास यांनी दाखवून दिले की, खाली मर्यादा आहे एवढ्यावरून किमान किंमत अस्तित्वात आहे असे ठरत नाही. सर्वांत लहान धन संख्या कोणती, असे विचारून पाहावे. कोणतीही सांगा, तिची निम्मी तिच्याहून लहान असतेच. रीमान यांची प्रमेये चुकीची नव्हती, पण आधार कच्चा होता. पुढे १९०० च्या सुमारास हिल्बर्ट यांनी योग्य अटी घालून तो आधार पक्का केला. निसर्गात एखादी गोष्ट घडताना दिसते म्हणून आपण मांडलेल्या गणितात ती आपोआप सिद्ध होत नाही, हा विवेक भौतिकीला त्यातून मिळाला.

१८६१ च्या डिसेंबरात अतिश्रमाने व्हायरश्ट्रास यांची प्रकृती पार कोसळली. वर्षभराने ते परतले. पण त्यानंतर फळ्यापाशी उभे राहणे त्यांना कधी जमले नाही. ते खुर्चीवर बसून बोलत आणि एखादा वरच्या वर्गातील विद्यार्थी फळ्यावर लिही. १८६४ साली, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, ते पूर्ण प्राध्यापक झाले. स्वतःच्या लेखनाने त्यांचे कधी समाधान होत नसे, म्हणून त्यांनी प्रसिद्ध थोडेच केले. त्यांचे विचार युरोपभर पसरले ते विद्यार्थ्यांच्या वह्यांतून. कँटर, फ्रोबेनियस, श्वार्ट्स, स्वीडनचे मिटाग-लेफ्लर हे त्यांच्या शिष्यवर्गातील. पुढे पुंजसिद्धान्त मांडणारे माक्स प्लांक तरुणपणी त्यांच्या व्याख्यानांना बसले होते, आणि तत्त्वज्ञ हुसेर्ल यांनी काही काळ त्यांचे सहायक म्हणून काम केले होते.

या शिष्यांत एक नाव वेगळे लिहिले पाहिजे. १८७० मध्ये सोफिया कोव्हालेव्हस्काया ही वीस वर्षांची रशियन तरुणी बर्लिनला आली. स्त्रियांना विद्यापीठाची दारे बंद होती. व्हायरश्ट्रास यांनी परीक्षा म्हणून काही कठीण प्रश्न दिले. तिने ते सोडवून आणले. विद्यापीठाने नियमावर बोट ठेवून प्रवेश नाकारला, तेव्हा त्यांनी तिला चार वर्षे घरी, विनामूल्य शिकविले. नियमाचे शब्द काटेकोर पाळणारा हा माणूस, नियम जेथे अन्यायाचा होता तेथे स्वतःचा वेळ खर्चून त्याची भरपाई करीत होता. १८७४ मध्ये गटिंगेन विद्यापीठाने सोफियाबाईंना डॉक्टरेट दिली. त्यांच्या प्रबंधात एक महत्त्वाचे प्रमेय होते. त्याचबरोबर प्रमेयातील एक अट सोडली तर उष्णतावहनाच्या परिचित समीकरणाच्या बाबतीतही ते कसे कोसळते, हेही त्यांनी दाखविले होते. खुद्द गुरूंना त्याची अपेक्षा नव्हती, आणि हे श्रेय शिष्येचे असल्याचे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. सोफियाबाई पुढे स्टॉकहोमला प्राध्यापक झाल्या. १८९१ साली, अवघ्या एकेचाळिसाव्या वर्षी त्या वारल्या. त्यांची जपून ठेवलेली सारी पत्रे वृद्ध गुरूंनी जाळून टाकली.

त्यांची उतारवयातील वर्षे सुखाची गेली नाहीत. एकेकाळचे स्नेही क्रोनेकर हे त्यांचे कठोर टीकाकार बनले. पूर्णांकांवाचून अन्य पायाच त्यांना मान्य नव्हता, आणि व्हायरश्ट्रास यांच्या कार्याचे भवितव्य काय, अशी शंका ते विद्यार्थ्यांच्या मनात निर्माण करीत. व्यथित होऊन व्हायरश्ट्रास यांनी बर्लिन सोडून स्वित्झर्लंडला जाण्याचा विचारही केला होता. पण आपल्या जागी येणारा कोण असेल, या चिंतेने ते थांबले. १८९४ पासून त्यांच्या समग्र लेखनाचे खंड निघू लागले. १८९५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने कोप्ली पदक दिले. शेवटची तीन वर्षे चाकाच्या खुर्चीत काढून १९ फेब्रुवारी १८९७ रोजी, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, बर्लिन येथे न्यूमोनियाने त्यांचे देहावसान झाले.

त्यांच्या पद्धतीने गणित रुक्ष केले, असा आक्षेप घेतला जातो. त्यात अगदीच तथ्य नाही असे नाही. नवी वाट कल्पनेनेच सुचते, व्याख्येने नव्हे. ज्या अतिसूक्ष्म राशींना व्हायरश्ट्रास यांनी रजा दिली, त्यांनाही १९६० च्या सुमारास अब्राहम रॉबिन्सन यांनी तर्कशास्त्राच्या साहाय्याने निर्दोष व्याख्या देऊन परत कामावर घेतले. म्हणजे दोष त्या राशींचा नव्हताच. त्या काय आहेत हे न सांगता त्यांच्याकडून काम करून घेण्याचा होता.

आपल्या मंडळातील अनेक मुले-मुली विज्ञान आणि अभियांत्रिकीच्या शाखांत शिकत आहेत. व्याख्या पाठ करून ती उत्तरपत्रिकेत उतरविणे, ही सवय आम्हां सर्वांनाच लागलेली असते. माझ्या कन्येला आणि मला त्या आठवड्यात जे कळले, ते एवढेच : व्याख्या समोर आली की तिच्यात नक्की बसणारे एक उदाहरण शोधावे, न बसणारे एक शोधावे, आणि तिच्यातील एखादा शब्द काढला वा मागेपुढे केला तर काय बिघडते ते पाहावे. तिसरी गोष्ट जमली की व्याख्या आपली झाली. दोन ओळींसाठी एक आठवडा गेला, याचे वाईट वाटून घेऊ नये. त्या दोन ओळींपर्यंत पोहोचावयास युरोपातील श्रेष्ठ बुद्धिमंतांना सुमारे पावणेदोनशे वर्षे लागली. आणि त्या ज्याने सांगितल्या तो चाळिशीपर्यंत दूरच्या गावात मुलांना सुलेखन व व्यायाम शिकवीत होता.